केसपेपरवरची ओळ

माझ्या बायकोच्या केसपेपरवर एक ओळ आहे: रुग्णाने गोळ्या स्वतःच्या मनाने बंद केल्या. ओळ इंग्रजीत आहे आणि ती खोटी आहे. गोळ्या मी बंद केल्या. आधी हाताने, मग लाथेने, आणि शेवटी एकेक गोळी मोरीत टाकून. डॉक्टरीणबाई ती ओळ लिहीत होत्या तेव्हा मी त्यांच्या टेबलासमोर उभा होतो. तेवढं इंग्रजी मला वाचता येत होतं. मी वाचलं आणि काही बोललो नाही. पुढची पाच वर्षंही बोललो नाही.

दोन हजार तीन-चारच्या सुमाराची गोष्ट आहे. मी तेव्हा अंबरनाथ एमआयडीसीत औषधांच्या एका कंपनीत पॅकिंगला होतो. राहायला बदलापूरला, कात्रपमध्ये. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, त्यात आई, मी आणि बायको. माझ्याकडे पट्ट्यांचं मशीन होतं. वरून गोळ्या येतात, प्लास्टिकच्या खाचांत बसतात, त्यांच्यावर फॉइल चिकटतं आणि पट्टी कापून खाली पडते. बाकीच्या मशीनवर दहा-दहाच्या पट्ट्या निघायच्या, माझ्या मशीनवर एकवीसची. पाळणा लांबवायची गोळी.

ती खोली वेगळी होती. आत जाताना डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, हातमोजे. या गोळ्यांची भुकटी अंगात गेली की पुरुषाची छाती वाढते, तो कामातून जातो, अशी सगळ्या कंपनीत बोलवा होती. खरंखोटं कोणी सांगत नसे. कोणी त्या खोलीत जायला तयार नव्हतं, मी नवा होतो म्हणून मला घातलं. महिन्याभरात माझं नाव गेलं आणि मला सगळे ‘एकवीस’ म्हणायला लागले.

लग्नाला दोन वर्षं झाली, तशी कँटीनमधली थट्टा वाढली.

“काय एकवीस, घरी काय बातमी?”

“बातमी कुठून येणार? सगळा माल भावानेच अंगावर घेतलाय.”

“ए, त्याला दोन पाव जास्त दे रे. छातीला लागतात.”

मीही हसायचो. पण घरी येऊन आंघोळ करताना दार लावून छाती चाचपून बघायचो. हे मी कधी कोणाला सांगितलं नाही, बायकोला तर नाहीच.

बायको उल्हासनगरची. लग्नाआधी जीन्सच्या कारखान्यात शिलाईला होती. तिचा थोरला भाऊ त्याच कारखान्यात कटिंग मास्तर होता. लग्नानंतर तिने आपलं मशीन सोबत आणलं आणि घरीच खिसे शिवायला लागली. भाऊ आठवड्याला कापलेल्या खिशांची गठडी टाकून जायचा आणि शिवलेली घेऊन जायचा. तिचा सिंधी शेठ इतर बायकांची गठडी उघडून एकेक नग मोजून घेई. तिची गठडी आली की म्हणे, “इसका मत गिनो, रख दो.” हे तिने मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. एरवी स्वतःचं कौतुक सांगणारी ती बाई नव्हती. एवढं एकच सांगितलं.

तिची पाळी वेळेवर येत नसे. तीन-तीन महिने यायची नाही, आली की पंधरा दिवस जायची नाही. वजन वाढत होतं. हनुवटीवर राठ केस यायला लागले होते. एकदा माझा दाढीचा वस्तरा बोथट लागला. मी ओरडलो तशी तिने हनुवटीवर पदर ओढला. मी तिला हनुवटीला धरून खिडकीच्या उजेडात ओढलं आणि आईला हाक मारली, “आई, बघ, घरात दुसरा पुरुष आला.” आई हसली. मीही हसलो. बायकोने माझी बोटं सोडवली आणि मशीनवर जाऊन बसली. त्या दिवशी मी तिला मारलं नव्हतं. पण सुरुवात तिथूनच झाली, असं मला आता वाटतं.

ती आपणहून डॉक्टरकडे गेली. माहेरच्या जवळ उल्हासनगरला एक सिंधी डॉक्टरीणबाई होत्या, त्यांच्याकडे. सोनोग्राफी झाली. मला म्हणाली, “अहो, पीसीओडी म्हणतात. बीजकोशात बारीक बारीक गाठी धरल्यात, बी पिकून बाहेर पडतच नाही. आधी काही महिने गोळ्यांनी पाळी मार्गावर आणायची, वजन कमी करायचं, मग मुलाचं बघू म्हणाल्या. तुम्ही एकदा या ना, त्या तुम्हाला समजावतील.”

मी म्हणालो, “बायकांच्या डॉक्टरकडे मी येऊन काय करू? सांगितलंय ना, मग कर.”

गोळ्या कुठल्या, हे मी विचारलं नाही. तिने सांगितलंही नाही. मी काय समजेन याची तिला भीती होती, आणि ती भीती खरी ठरली.

त्या दिवशी कंपनीत माझी पहिली, म्हणजे सकाळची पाळी होती. साडेअकराच्या जेवणात आमच्यातल्या एकाच्या घरी मुलगा झाल्याचे पेढे आले. वाटणाऱ्याने माझ्यासमोर डबा धरला आणि परत मागे घेतला.

“तुला देऊ का नको? तुझ्या हातात गेला तर पेढापण बंद पडायचा.”

सगळं कँटीन हसलं. चेकिंगच्या बायाही हसल्या. मी उठलो. खाली फॉइलच्या रिकाम्या रोलचा पाईप पडला होता, तो उचलला आणि त्याच्या खांद्यावर घातला. दुसरा फटका कानाजवळ बसला. तो पेढ्यांवर पडला. चौघांनी मला धरलं. मॅनेजरने हातात मेमो दिला आणि तीन दिवस घरी बसायला सांगितलं. झटापटीत माझ्या शर्टाची बाही उसवली होती.

दुपारी एकच्या सुमाराला घरी आलो. आई झोपली होती. बायको खाली दळण आणायला गेली होती. बाही शिवावी म्हणून मी सुई-दोरा शोधत तिच्या मशीनचा खण उघडला. बॉबिनी, खडू, टेप, आणि त्याखाली पट्टी. एकवीसची.

मी ती उलटी केली. फॉइलवरचा शिक्का आमचा होता. बॅच नंबर बघितला. ती बॅच माझ्या मशीनवरून निघाली होती. नऊ खाचा रिकाम्या होत्या.

त्या क्षणी मला एवढंच कळलं की सगळं जग मला ज्यावरून हसतंय, ते माझ्या घरात, माझ्याच हातून निघालेल्या पट्टीवर चाललंय. मूल होऊ नये म्हणून बायको गोळी घेते. माझ्यापासून. गोळी काय करते हे मला माहीत होतं ना? रोज हजारो पट्ट्या काढत होतो. याच पट्टीबरोबर खोक्यात एक घडी घातलेला कागदही जायचा. त्यात बारीक अक्षरात बरंच काही लिहिलेलं असायचं, बायकांच्या पाळीच्या तक्रारींबद्दलही. मी तो एकदाही उघडला नव्हता.

ती दळणाचा डबा घेऊन दारात आली. मी पट्टी तिच्या तोंडासमोर धरली.

“हे काय?”

“अहो, ती डॉक्टरीणबाईंनी…”

पुढचं मी ऐकलं नाही. डाव्या कानाखाली मारली. डबा पडला आणि पीठ जिन्याच्या पायऱ्यांवर गेलं. तिला केसांना धरून मी बाहेर ओढलं, कारण मला वाटलं हे सगळ्यांनी बघावं. कंपनीत मला सगळ्यांसमोर मारलं होतं ना, शब्दांनी, मग हिलाही सगळ्यांसमोर. “ही पोर होऊ नये म्हणून गोळ्या खाते,” असं मी तीन मजल्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडलो. ती पायरीवर बसली तशी कमरेत लाथ घातली. पिठात तिच्या हाताचे पंजे उमटले होते. समोरच्या दारातली बाई, “अहो सोडा, सोडा,” म्हणत राहिली आणि दारातच राहिली.

आई उठून आली. मला वाटलं ती मला धरेल. पण तिची नजर पिठात पडलेल्या दुसऱ्या पट्टीवर गेली. तीही खणातून पहिलीबरोबर माझ्या हातात आली होती आणि ओढाताणीत पडली होती. आईने ती उचलली, डोळ्यांजवळ नेली.

“ही तर माझी साखरेची गोळी. हिला साखर हाय! साखर लपवून पोरगी गळ्यात मारली आपल्या.”

आईला मधुमेह होता आणि ती रोज तीच गोळी घ्यायची. पीसीओडीतही ती गोळी देतात, त्याने शरीर साखर नीट वापरतं आणि पाळीला मदत होते, हे मला फार पुढे कळलं. त्या दिवशी आम्ही मायलेक दोघंही औषधातले जाणकार होतो. आईला एक गोळी ओळखू आली, मला दुसरी. आम्ही दोघांनी मिळून तिला गुन्हेगार ठरवलं.

मग मी तिला आत आणून मोरीसमोर बसवलं आणि उरलेल्या बारा गोळ्या एकेक करून तिच्यासमोर मोरीत टाकल्या. प्रत्येक गोळीला फॉइल फुटल्याचा आवाज यायचा. “परत आणल्यास तर हात मोडीन,” मी म्हणालो. ती डावा कान दाबून बसली होती. कानातून बारीक रक्त आलं होतं.

कानाचा पडदा फाटला होता. भरून आला, पण पूर्ण नाही. अजून तिला डाव्या बाजूने बोललेलं कळत नाही.

त्या आठवड्यात पौर्णिमा होती. मी आईला घेऊन विहारात गेलो आणि सगळ्यांबरोबर पंचशील म्हटलं. पहिलंच शील जीवाला इजा न करण्याचं. जोडलेल्या हातांतला उजवा हात मनगटात सुजला होता आणि दुखत होता. मी शील शेवटपर्यंत म्हटलं. आवाजही चढा लावला होता.

पुढच्या वेळी गठडी घ्यायला तिचा भाऊ आला तेव्हा तिने सांगितलं की बाथरूममध्ये पाय घसरला. भावाने तिच्याकडे बघितलं, गठडी खांद्यावर घेतली आणि मला म्हणाला, “दाजी, जरा खालपर्यंत चला.” पहिल्या मजल्यावर, जिथे बल्ब नव्हता, तिथे त्याने गठडी टाकली आणि माझी गळपट्टी धरून मला भिंतीला लावलं.

“आमच्या घरात पंचवीस वर्षं होती, कधी घसरली नाय. आता परत घसरली तर तुम्हाला पण घसरवीन. गच्चीवरून.”

तो तसं करणारा माणूस होता. एकदा कारखान्यात एकाने पोरीवर हात टाकला तेव्हा त्याने कापडाच्या कातरीने त्याचा हात फाडला होता. बायकोला हे माहीत होतं. म्हणूनच तिने खोटं सांगितलं होतं आणि म्हणूनच पुढेही सांगितलं.

गोळ्या बंद झाल्या. पाळीही बंद झाली. चार महिने आली नाही. आईला उगाच आशा वाटायला लागली, तिने आंबट-तिखट विचारायलाही सुरुवात केली. बायको म्हणायची, “आई, तसं काही नाही.” पाचव्या महिन्यात रक्त जायला लागलं आणि थांबेना. आठ दिवस, दहा दिवस, पंधरा दिवस. ती खिसे शिवतच होती. मी बघत होतो. विचारलं की, “होईल बंद,” म्हणायची. डॉक्टरकडे जाऊ का, असं तिने एकदाच विचारलं, आणि मी म्हणालो, “कशाला, परत त्या गोळ्या आणायला?”

एके दिवशी दुपारी साडेतीनला कंपनीतली पाळी संपवून घरी आलो तर मशीन बंद आणि ती मशीनवर डोकं टेकून बसलेली. खुर्चीवर निळ्या कापडाची गादी होती, ती काळी झाली होती. पायाखालच्या खिशांच्या ढिगावरही रक्त. मी खांद्याला हात लावला तर ती दचकली आणि म्हणाली, “मालावर डाग पडलेत. शेठला काय सांगू?” तिचे ओठ पांढरे होते.

जवळच्या नर्सिंग होममध्ये म्हणाले, जिथे दाखवता तिथेच न्या. मी आख्खी रिक्षा केली आणि उल्हासनगरला निघालो. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. वाटेत अंबरनाथला आमच्या कंपनीचं गेट लागलं. दुसऱ्या पाळीची माणसं गेटबाहेर चहाला आली होती. कोणीतरी मला बघून हात केला. माझ्या पँटवर तिचं रक्त उतरत होतं.

“ऐका,” ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की मला वाकावं लागलं. “दादा येईल तिथे. मी सांगेन की गोळ्या मीच बंद केल्या. तुम्ही मध्ये बोलू नका.”

“का पण?”

“त्याला दोन लेकरं आहेत. तुमच्यापायी तो आत गेला तर त्यांच्याकडे कोण बघेल?”

ती मला वाचवत नव्हती. तिचं तसं म्हणणंही नव्हतं. वाचलो मात्र मी.

दवाखान्यात तिला रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या. गर्भपिशवीचं अस्तर महिनोन् महिने साचून जाड झालं होतं, ते भूल देऊन खरवडून काढलं आणि तुकडा तपासायला पाठवला. ती शुद्धीवर आल्यावर डॉक्टरीणबाई खाटेजवळ आल्या. मी आणि तिचा भाऊ, आम्ही दोघं भिंतीला टेकून उभे. बाई रागीट होत्या. अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलायच्या.

“गोली किसने बंद की? मी सांगितलं होतं ना, मला विचारल्याशिवाय बंद करायची नाही? चार महिने! अरे, ये खेल है क्या? कॅन्सरसाठी तुकडा तपासायला दिलाय मी, मालूम है?”

भाऊ माझ्याकडे बघत होता.

“मीच बंद केल्या,” ती म्हणाली. “उलटी व्हायची. कंटाळा आला.”

“कंटाळा आया? पढी-लिखी लगती हो. तुम्हारे जैसी औरतें ही मरती हैं और नाम डॉक्टर का होता है.”

केबिनमध्ये मला बोलावून बाईंनी केसपेपर पुढे ओढला आणि माझ्यासमोर ती ओळ लिहिली. मग पेन माझ्यावर रोखून म्हणाल्या, “आप ध्यान रखो इसका. लापरवाह है.” मी मान हलवली. निष्काळजी माणसावर लक्ष ठेवायची जबाबदारी मी स्वीकारली.

तुकड्याचा रिपोर्ट चांगला आला. गोळ्या परत सुरू झाल्या. त्यानंतर मी तिच्यावर हात उचलला नाही. हे मी शाबासकीसाठी सांगत नाही, कारण हाताचं काम पुढे त्या ओळीने केलं. आई शेजारणीला सांगायची, “डॉक्टरीणच बोलली, हिनंच बंद केल्या. स्वतःच्या हातानं वाट लावली.” मी आत बसून ऐकायचो. नात्यात लग्न असलं की कोणीतरी बायकोला समजावायचं, “गोळ्यांचा कंटाळा करू नये गं.” ती म्हणायची, “नाही करत.” एकदा मी रागाने पाण्याचा तांब्या भिंतीवर फेकला, इतका की गिलावा उडाला. आईला वाटलं मी सुनेवर चिडलोय. मी कोणावर चिडलो होतो हे मी सांगितलं नाही.

आणि ती तर एकही दिवस चुकली नाही. पाच वर्षं. दिनदर्शिकेवर रोज सकाळी साखरेच्या गोळीची एक खूण, रात्रीच्या गोळीची एक. पाळीच्या दिवसांभोवती लाल गोल. सकाळी सहाला उठून तासभर चालायची, भात सोडला, ज्वारीच्या भाकरीवर आली. साखरेच्या गोळीने पहिले काही महिने पोट बिघडायचं, तरी सोडली नाही. बारा किलो वजन उतरलं. वर्ष संपलं की जुनी दिनदर्शिका ती गुंडाळून मशीनच्या खणात ठेवायची. त्याच खणात.

मधल्या काळात पाळणा लांबवायची गोळी थांबवून बी पिकवायच्या गोळ्याही देऊन झाल्या, तरी मूल राहिलं नव्हतं. बी पिकवण्याची इंजेक्शनं द्यायची तर मोठ्या दवाखान्यात जायला पाहिजे, असं ठरलं. आम्ही गेलो. तिने पिशवीत पाचही दिनदर्शिका घेतल्या होत्या. तिथल्या डॉक्टरांनी आम्ही नेलेली जुनी फाइल चाळली, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं.

“या इंजेक्शनांना ठरलेल्या दिवशी यावं लागतं, ठरलेल्या वेळी. नाहीतर बीजकोश सुजून जिवावर बेततं. तुमची हिस्टरी अशी आहे. आधी सहा महिने औषधं नीट घेऊन दाखवा, मग विचार करू.”

“मी घेते,” ती म्हणाली आणि पिशवीतून दिनदर्शिका काढायला लागली. “हे बघा ना, सगळं लिहिलंय…”

“बाई, बाहेर पेशंट आहेत.”

तिने दिनदर्शिका परत गुंडाळल्या. एकीचा कोपरा दुमडला होता, तो तिने नखाने सरळ केला. मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो.

बाहेर आल्यावर रस्त्याच्या कडेला ती थांबली. पाच वर्षांत पहिल्यांदा ती माझ्यावर ओरडली. माणसं वळून बघायला लागली.

“माझी गठडी कधी कोणी मोजली नाही! माहितीय तुम्हाला? कधी नाही! आणि हा माणूस मला सांगतो, नीट घेऊन दाखवा. तुम्ही मारलं ते मी कधीकधी विसरते. जिन्यात ओरडलात, तेपण विसरेन. पण हे माझ्या पाठीमागून प्रत्येक डॉक्टरकडे येतं. जिथे जाईन तिथे माझ्याआधी हेच जाऊन बसतं. मी मरेपर्यंत हीच का मी?”

मी म्हणालो, “मी सांगतो.”

“कोणाला?”

“सगळ्यांना.”

“आधी दादाला,” ती म्हणाली. “आत्ता. तो कारखान्यात असेल.”

“तूच तर म्हणाली होतीस, तो आत गेला तर…”

“लेकरं आता मोठी झालीत. आणि मी आहे ना तिथे, बघते.”

आम्ही तसेच उल्हासनगरला गेलो. कारखान्यात वीस मशीन चालू होती. भाऊ कापडाच्या थरांवर खडूने आखत होता. मी त्याच्यापुढे उभा राहिलो. मशीनच्या आवाजात मला ओरडूनच बोलावं लागलं, “गोळ्या तिने बंद नव्हत्या केल्या. मी केल्या. मारून. कानपण मीच फोडला.” जवळची चार मशीन थांबली, मग आणखी थांबली.

भावाने खडू खाली ठेवला, कातर बाजूला सारली. मग मारली. मी खिशांच्या गठड्यांवर पडलो. ओठ दातात सापडून फाटला. त्याने मला उठवलं आणि परत मारली. तिसऱ्या वेळी हात उगारला तेव्हा बायको म्हणाली, “बस दादा. त्यांना अजून डॉक्टरांकडे जायचंय.” “तू मला तेव्हा का नाय बोललीस गं?” असं भाऊ तिला विचारत राहिला. ती म्हणाली, “घरी ये, बोलू.” शेठ दारातून म्हणाला, “अरे भई, माल पे खून मत गिराओ.”

डॉक्टरीणबाई आता म्हाताऱ्या दिसायला लागल्या होत्या. माझं तोंड बघून म्हणाल्या, “इसको ड्रेसिंग रूम में ले जाओ.” मी म्हणालो, “बाई, मी पेशंट नाही. मला एक सांगायचंय.” आणि सांगितलं. पट्टी, बॅच नंबर, जिना, मोरी, रिक्षा, सगळं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. सांगून झाल्यावर त्यांनी बायकोकडे बघितलं. “सच?” बायकोने मान हलवली आणि पाचही दिनदर्शिका टेबलावर ठेवल्या. बाईंनी त्या एकेक उघडल्या. पानं उलटत राहिल्या. खूप वेळ लागला.

“मैंने तुमको बहुत डाँटा था,” त्या तिला म्हणाल्या.

मी विचारलं, “बाई, ती ओळ खोडता येईल का?”

“नहीं. मी लिहिलेलं मी खोडणार नाही. माझीपण गलती आहे, ती तिथेच राहू दे.” त्यांनी केसपेपर माझ्याकडे फिरवला आणि आपलं पेन त्यावर ठेवलं. “नीचे जगह है. तुम लिखो. मराठीत लिहा. साइन करा. पुढे जो डॉक्टर फाइल उघडेल, तो वाचेल. मंजूर?”

बायको माझ्या डाव्या बाजूला बसली होती, म्हणजे तिचा चांगला कान माझ्याकडे होता. मी लिहिता लिहिता प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणत गेलो. ओठातून रक्ताचा एक थेंब कागदावर पडला. तो मी पुसायला गेलो तर ती म्हणाली, “राहू द्या. लिहा पुढे.” मी लिहिलं:

वरची ओळ खरी नाही. गोळ्या माझ्या बायकोने बंद केल्या नव्हत्या. मी तिला मारून, तिच्यासमोर गोळ्या मोरीत टाकून बंद करायला लावल्या आणि नंतर गप्प बसलो. त्याआधी आणि त्यानंतर तिने औषधाचा एक दिवसही चुकवलेला नाही. चूक माझी आहे. मी तिची माफी मागतो.